ऑर्व्हलच्या फाटकावरचा टॉवेल

१० एप्रिल, गुरुवार

आजच्या सभेत माझी फोनसाखळी मारिटकडे गेली. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर 'मी दिली' असं लिहिलं असतं, आणि तेच खरं आहे. बर्निसने विचारलं, मी हो म्हटलं, वर हसलेही. पण मनात शब्द येतो तो 'गेली' असाच, म्हणून तोच ठेवते.

अकरा वर्षांपूर्वी पलीकडच्या डोंगराला वणवा लागला, त्यानंतर मी ही साखळी जोडली. आमच्या खोऱ्यात एक्केचाळीस घरं, बाहेर पडायला एकच रस्ता आणि त्यावर एकच पूल. धूर दिसला की बर्निस मला फोन करणार, मी पाच जणांना, ते पाच पुढे सात-सात जणांना. बर्निस आमच्या स्वयंसेवक पथकाची प्रमुख. पथक म्हणजे नऊ माणसं आणि एक बंब.

मारिट सॉल्बर्ग दोन वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या शहरातून इथे आली. बकऱ्या पाळते. शहरात ती रुग्णवाहिकांना फोनवरून वाट दाखवायचं काम करायची. आज तिने उभं राहून सांगितलं की नुसतं फोन करून भागत नाही, कोण निघालं आणि कोण राहिलं हेही कळायला हवं. सगळे माना डोलवत होते. माझा नवरा ड्वेनसुद्धा. ड्वेन एरवी सभेत झोपतो.

नंतर तिने मला दाराशी गाठलं. म्हणाली, "तुमची हरकत नसेल तर नावं, नंबर आणि घर क्रमांक एवढंच एका पानावर मिळेल का?" परवानगी मागण्यातही एक ऐट असते. मी म्हटलं, मिळेल की.

१३ एप्रिल

यादी टाइप केली. एक पान, तीन रकाने. देखणी झाली.

फोनसाखळीच्या माझ्या वहीत खरा मजकूर समासात आहे. अकरा वर्षं पेन्सिलीने लिहीत आले. अमक्यांचा कुत्रा गुरगुरतो, चावत नाही. तमके कापणीच्या दिवसांत फोन ऐकत नाहीत, मुलीला करावा. ऑर्व्हल टकेटच्या नावापुढे: 'दोनदा वाजला की ठेवायचा, मग पुन्हा लावायचा. नाहीतर उचलत नाहीत.' काहीबाही विकणाऱ्यांच्या फोनना कंटाळून ऑर्व्हलनी ही युक्ती काढली, आणि ती फक्त मला सांगितली.

समासातलं काहीच मी नव्या यादीत घातलं नाही. तिने नावं, नंबर आणि घर क्रमांक मागितले. मागितलं ते दिलं.

हे शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. त्यात खोटं काही नाही. मग तीनदा का वाचलं?

२४ एप्रिल, गुरुवार

गुरुवार ऑर्व्हलचा. सात वर्षं झाली. मी काम करते त्या पोस्टातून त्यांची पत्रं घेते, पाव घेते, निघायच्या आधी आमच्या खुणेचा फोन करते आणि चढाच्या टोकावरच्या त्यांच्या घरी जाते. मग पत्त्यांचा एक डाव. गुण मोजायला त्यांनी स्वतः अक्रोडाच्या लाकडाची पाटी केली आहे, तिच्या भोकांत खुंट्या सरकवत जायचं. वय त्र्याऐंशी. फेब्रुवारीपासून नजर फारच गेली आहे. पिकअप अजून दारात उभी आहे, पण ते चालवत नाहीत आणि तसं कुणाला सांगतही नाहीत.

आज पत्ते पिसता पिसता म्हणाले, "ती बकऱ्यांवाली बाई कशी आहे गं? खालून तिचं हसू ऐकू येतं कधी कधी. घेऊन ये की तिला. दोघांत काय मजा येते डावाला."

मी म्हटलं, तिला वेळ नसतो.

तिला वेळ असतो की नसतो, मला ठाऊक नाही. मी कधी विचारलेलं नाही. घरी येताना स्वतःला सांगत होते की माणूस कामात असतोच, तेव्हा हे अंदाजाने बोलणं झालं, खोटं नव्हे.

३ मे

तीन वर्षं मी ड्वेनला सांगते आहे की छपराच्या पन्हळीत पाइनच्या काड्यांचा थर साचलाय, एक ठिणगी पडली तर घर जाईल. आज तो सकाळी स्वतःहून शिडी घेऊन वर चढला. पन्हळी साफ, भिंतीलगतचं सरपण तीस फुटांवर. कारण काय, तर मारिटने घरोघर जाऊन एक कागद वाटला, त्यात हे सगळं लिहिलं होतं.

मी म्हटलं, मी सांगत होते तेव्हा?

तो शिडीवरूनच म्हणाला, "तू सांगतेस तेव्हा माझी चूक असते, लोरेटा. ती सांगते तेव्हा नुसतं काम असतं."

मी आत जाऊन भांडी घासली. घासलेलीच होती.

८ मे, गुरुवार

मारिट पोस्टात आली. जंगली आलुबुखारांच्या मुरंब्याची बरणी आणली होती. मुरंबा चांगला आहे, माझ्या मुरंब्यापेक्षा किंचित कमी गोड, म्हणजे खरं तर जास्त चांगला. खिडकीशी घुटमळली. मग म्हणाली की आज गुरुवार, तर तुमच्याबरोबर वर यावं का. टकेटना ती एकदाही भेटलेली नाही, आणि खोऱ्याच्या टोकाला एकटा राहणारा माणूस आपण ओळखायला हवा असं तिला वाटतं.

मी सांगितलं, ऑर्व्हलना परकी माणसं आवडत नाहीत.

तिने लगेच मान हलवली. म्हणाली, मग नकोच, ते तुमचे आहेत, तुम्हीच सांभाळा. तिने आपल्या कागदावर ऑर्व्हलच्या नावापुढे 'सोबत: लोरेटा' असं लिहिलं. मला विजय मिळाल्यासारखं वाटलं, आणि मग कसला विजय ते नीट सांगता येईना.

आज मी या वहीत 'मत्सर' हा शब्द लिहिला होता. खोडला. मग वाटलं, खोडलेला शब्द अजूनच ठळक दिसतो. मत्सर.

३१ मे, शनिवार

तालीम झाली.

मारिटची युक्ती अशी. घर सोडताना फाटकाला पांढरा टॉवेल बांधायचा. बंब वर येईल तेव्हा टॉवेल दिसला की घर रिकामं, थांबायचं नाही. टॉवेल नाही तिथे आत जाऊन दार ठोठावायचं. एक बंब, एक्केचाळीस घरं. वेळ वाचतो. साधी गोष्ट आहे. इतकी साधी, की अकरा वर्षांत मला सुचायला काहीच हरकत नव्हती.

मी बर्निसला आधी सांगितलं होतं की सगळ्यांना खाली यायला तास लागेल. एकोणीस मिनिटं लागली. पुलापलीकडच्या जत्रेच्या मैदानावर गाड्या ओळीने उभ्या, मारिट पाटीवर कागद लावून एकेक नावापुढे खूण करते आहे. बर्निस हसून म्हणाली, "काय गं लोरेटा, तास झाला का?" लोक हसले. प्रेमानेच हसले, हे मला कळतं.

ऑर्व्हलना मी आणलं. त्यांच्या फाटकाला टॉवेल मीच बांधला, माझ्या घरचा, निळ्या काठाचा. त्यांना परत सोडलं तेव्हा माझं डोकं त्या एकोणीस मिनिटांतच होतं.

५ जून, गुरुवार

टॉवेल फाटकावर तसाच आहे. शनिवारी काढायचा राहिला.

मी सोडायला लागले, तर ऑर्व्हल पायरीवरून म्हणाले, "राहू दे गं. परवा ते दोघे धर्मप्रचारक आले, तालमीचं त्यांनीही ऐकलेलं, टॉवेल बघून परत फिरले. त्यांना वाटलं, म्हातारा गेला. असंच वाटत राहू दे."

मी हसले. टॉवेल सोडला नाही.

खाली उतरताना मनात काय होतं ते जसंच्या तसं लिहिते, कारण नंतर ते वेगळं आठवेल. मनात होतं: मारिट दर मंगळवारी घरांची पाहणी करत फिरते. तिला हा दिसेल. तिच्या युक्तीला भोक कुठे पडतं ते तिचं तिलाच कळू दे. मी दाखवलं तर म्हणतील, हिच्या पोटात दुखतंय.

पुढच्या गुरुवारी काढेन.

१९ जून

टॉवेल आहे. ऑर्व्हलनी आज मला दोनदा हरवलं.

३ जुलै

काउंटीच्या वर्तमानपत्रात मारिटचा फोटो. मागे तिच्या बकऱ्या, आग अडावी म्हणून त्यांनी चरून मोकळा केलेला पट्टा, आणि मथळ्यात 'डोंगराला जागं करणारी बाई'. आम्ही काय इतकी वर्षं झोपलो होतो? बातमीत माझंही नाव आहे, अकराव्या ओळीत: 'आधीची फोनयादी स्थानिक रहिवासी लोरेटा यांनी ठेवली होती.' आडनाव नाही. ओळी मी मोजल्या, हेही खरं.

मारिटने दुपारी फोन केला. म्हणत होती की तिने बातमीदाराला माझ्याबद्दल खूप सांगितलं होतं, त्याने ते गाळलं. गाळलं असेल. तिच्या आवाजात जरा घाबरल्यासारखं काही होतं. इतक्या लोकांनी उचलून धरल्यावर कशाला घाबरायचं?

२२ जुलै

सहा आठवडे पाऊस नाही. गवत पायाखाली मोडतं. सकाळी वाऱ्याचा इशारा आला. मारिटची गाडी ऑर्व्हलच्या चढावरून उतरताना मी पाहिली. म्हणजे ती फाटकापर्यंत गेली. म्हणजे तिने टॉवेल पाहिला. मग तिने काही केलं असेल, किंवा करेल. आता ती गोष्ट तिची झाली.

हे लिहून हलकं वाटलं. हलकं वाटलं की मला स्वतःचा संशय येतो, पण आज उकडतंय फार.

२२ ऑगस्ट, शुक्रवार, डॉर्सी गावच्या शाळेतून

दोन दिवस वही जवळ नव्हती. शाळेच्या व्यायामशाळेत खाटा टाकल्या आहेत. इथल्या एका बाईने ही कोरी वही दिली. क्रमाने लिहिते.

बुधवारी मी पोस्टात होते. दोन वाजून वीस मिनिटांनी मारिटचा फोन. आवाज एकदम सपाट. "दक्षिणेच्या उतारावर आग आहे, वारा खोऱ्याकडे आहे, सगळ्यांना काढतोय. तू खालीच आहेस ना? मैदानावर ये, येणाऱ्यांच्या खुणा कर." तिने मला तू म्हटल्याचं माझ्या नंतर लक्षात आलं. सुक्या गवतात कुणाच्या तरी कापणीयंत्राचं पातं दगडावर घासलं, एवढंच झालं होतं.

मैदान पोस्टापासून तीन मिनिटांवर. पोहोचले तेव्हा दक्षिणेचं आकाश तपकिरी झालेलं. गाड्या यायला लागल्या. कुत्री, कोंबड्यांचे पिंजरे, एका बाईच्या मांडीवर शिवणयंत्र. तालमीत होते तसेच सगळे ओळीने लागले. मारिटची साखळी अप्रतिम चालली. मी खुणा करत होते आणि तेव्हाही मनातला एक कोपरा मोजत होता: पंधरा मिनिटं, सतरा मिनिटं.

ऑर्व्हलची सोबत मी. आणि मी तर पुलापलीकडे उभी. म्हणजे त्यांना आणायचं मारिटने दुसऱ्या कुणाला सांगितलं असेल, असं धरून मी प्रत्येक गाडीत त्यांची टोपी शोधत होते.

सगळ्यांच्या शेवटी मारिट आली. मागच्या हौद्यात बकऱ्या. तिने उतरून माझ्या हातातला कागद घेतला, आपल्या कागदाशी ताडून पाहिला आणि म्हणाली, चाळीस आणि टकेट, एक्केचाळीस, सगळे बाहेर.

मी विचारलं, ऑर्व्हल कुठे आहेत?

तिने सांगितलं की तिने दोनदा फोन केला, पूर्ण वाजला, कुणी उचलला नाही. बंब त्या बाजूने गेला तेव्हा बर्निसने वायरलेसवर कळवलं, टकेटच्या फाटकावर टॉवेल आहे. म्हणजे गेले. "मला वाटलं तूच कुणाला तरी पाठवलंस."

आमच्या भोवती पंधरा-वीस माणसं होती. मला जे बोलायचं होतं ते एका वाक्याचं होतं, आणि ते तोंडातून बाहेर यायला जेवढा वेळ लागला तेवढा मला आयुष्यात कुठल्या वाक्याला लागलेला नाही. मी म्हटलं, "तो टॉवेल मे महिन्यापासून तिथेच आहे."

मारिटच्या चेहऱ्यावरचा रंग गेला.

मी फोन काढला. दोनदा वाजू दिला. ठेवला. पुन्हा लावला. त्यांची जुनी तारेची लाइन अजून जिवंत होती. दुसऱ्याच घंटेला त्यांनी उचलला आणि झोपाळलेल्या आवाजात विचारलं, "आज गुरुवार आहे का?"

ते जेवून, खोलीचे पडदे ओढून झोपले होते. मी म्हटलं, वणवा आहे, काही घेऊ नका, जोडे घाला, फाटकापाशी येऊन टॉवेलजवळ उभे राहा. टॉवेल ओला करून तोंडाला धरा. आम्ही येतोय.

'आम्ही' म्हणाले, कारण मारिट तेव्हा हौद्याची झडप उघडून बकऱ्या मैदानात सोडत होती. मी तिच्या शेजारी चढून बसले. बंब डोंगराच्या दुसऱ्या अंगाला होता. वायरलेसवर बर्निस एवढंच म्हणाली, "दहा मिनिटं. अकरावं माझ्या नावावर नको." पुलावर रस्ता अडवायला ड्वेन होता, तो काउंटीच्या रस्तेखात्यात आहे. त्याने हात आडवा केला. माझ्याकडे पाहिलं आणि हात खाली घेतला. त्याबद्दल आम्ही अजून बोललेलो नाही.

चढाला लागलो तेव्हा धुराने दिवसाची संध्याकाळ झाली होती. मारिट दिवे लावून, पुढे वाकून चालवत होती. रस्त्यावरची नजर न काढता ती बोलली.

"मी पाहिला होता तो टॉवेल. जूनमध्ये पाहिला, जुलैत पाहिला."

मी विचारलं, मग काढला का नाहीस?

"वाटलं, तुमची दोघांची काही खूण असेल. ऑर्व्हल तुझे, असं सगळेच म्हणतात. दर वेळी ठरवायचे की लोरेटाला विचारू. मग तुझा चेहरा आठवायचा." पुढचं वळण घेऊन ती म्हणाली, "फाटकापर्यंत जायचे मी. तू म्हणाली होतीस, त्यांना परकी माणसं आवडत नाहीत. म्हणून आत नाही गेले कधी."

ते वाक्य माझंच होतं, आणि आता ते मलाच ऐकायचं होतं.

धुरात फाटक दिसलंच नाही. आधी दिसला तो टॉवेल. त्यांनी तो सोडून, भिजवून तोंडाला धरला होता, त्यामुळे माणसाच्या उंचीवर एक पांढरा ठिपका रस्त्याच्या कडेला हलत होता. मारिटने गाडी बरोबर त्याच्यापाशी थांबवली. घरगुती सपाता, काखेत अक्रोडाची पाटी. घेऊ नका म्हटलं तरी घेतलीच. मी त्यांना ओढून आत घेतलं, आमच्या दोघींच्या मध्ये. मागे त्यांच्या कोठाराच्या छपरावर ठिणग्या पडत होत्या. काठीने डबा वाजवावा तसा आवाज येत होता.

पुलाच्या अलीकडच्या वळणावर हवा जरा निवळली. ऑर्व्हलनी टॉवेल तोंडावरून काढला आणि डोळे बारीक करून मारिटकडे पाहिलं.

"तूच ना ती बकऱ्यांवाली? केव्हापासून वाट बघायला लावलीस, पोरी. ही दर वेळी म्हणते, तिला वेळ नसतो."

मी समोरच्या काचेकडे पाहत होते. मारिटची बोटं स्टिअरिंगवर आवळलेली मला कडेच्या नजरेने दिसत होती.

"हो," मारिट म्हणाली. "वेळच नव्हता. आता आहे."

अकरा वर्षं मी या खोऱ्यातल्या लोकांचे समास भरत आले. एवढंच लिहायचं आहे की तिने माझी लाज राखली, आणि त्या क्षणी मला तिचा जेवढा राग आला तेवढा आधी कधी आला नव्हता.

३० ऑगस्ट

परत आलो. तीन घरं गेली. त्यांत ऑर्व्हलचं एक. चुलीचं धुरांडं तेवढं उभं आहे आणि फाटक. फाटकाला काहीही झालेलं नाही.

माणूस एकही गेला नाही.

हिवाळ्याआधी काउंटी त्यांना तात्पुरतं चाकांवरचं घर देणार आहे. तोवर कुठे राहायचं? मी म्हटलं, अर्थात आमच्याकडे. ड्वेन म्हणाला, आपल्याकडे झोपायच्या खोल्या वर आहेत, त्यांना दिसत नाही, जिना कसा चढतील? मारिटकडे खालीच मोकळी खोली आहे. सगळ्यांना ते इतकं उघड वाटलं की कुणी माझ्याकडे पाहिलंही नाही. ऑर्व्हल मात्र खूश. आठवडाभर शाळेत ते तिला आपल्या गोष्टी सांगत होते, खेचराचीसुद्धा. ती गोष्ट माझ्या कानावर यायला सहा वर्षं लागली होती. तिला चौथ्या दिवशी मिळाली.

११ सप्टेंबर, गुरुवार

सभा. बर्निसने उभं राहून सांगितलं की यंदा आपल्याला एका माणसाच्या स्मरणशक्तीने वाचवलं. दोनदा वाजवून ठेवायचं, मग पुन्हा लावायचं, हे लोरेटाला ठाऊक होतं म्हणून आज ऑर्व्हल इथे बसलाय. सगळे उभे राहिले. टाळ्या. एप्रिलपासून मी याच टाळ्यांची वाट पाहत होते, हे आज खुर्चीत बसून मला स्वच्छ दिसलं.

आधी मारिट बोलली. टॉवेलच्या युक्तीत चूक तिची होती, तालमीनंतर प्रत्येक टॉवेल उतरला का हे तिने पाहायला हवं होतं. मग मी उठले. म्हटलं, "तो टॉवेल मी बांधला होता. तो तिथे आहे हे मला अकरा आठवडे माहीत होतं. मी काढला नाही."

लोकांना तो विनय वाटला. टाळ्या आणखी वाढल्या. बर्निसने माझ्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाली, "बस गं, स्वतःला छळू नकोस."

टाळ्या न वाजवणारी सभेत एकच होती. मारिट हात मांडीवर ठेवून माझ्याकडे पाहत होती. नजरेत राग नव्हता. तिने ऐकलं होतं, एवढंच.

१२ सप्टेंबर

यादी नव्याने करायची तर समासासकट करायला हवी. टाइप करायला बसले आणि लक्षात आलं, मी निवडते आहे. हे घालू, ते नको. निवडायला लागले की माझा भरवसा नाही. फोनसाखळीची वहीच द्यायचं ठरवलं, आहे तशी.

देण्याआधी पानं चाळली. शेवटून दुसऱ्या पानावर तिचं नाव आहे. समासात माझं दोन वर्षांपूर्वीचं अक्षर: 'नवीन. फार मोठ्याने हसते. दोन हिवाळे काढणार नाही.'

खोडरबर टेबलावर होतं. अर्धा तास तरी मी ते हातात धरून बसले असेन. मग वही तशीच कागदात गुंडाळली.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आता गुरुवारी मला मारिटच्या दारात जावं लागतं. खुणेचा फोन करायची गरज नाही, तिचा फोन सगळेच उचलतात. ऑर्व्हल खिडकीशी बसले होते, पाटी मांडून. तिघांचा डाव झाला. मारिटला अजून नीट येत नाही, पण ती जिंकली. तिचं हसणं इतक्या जवळून खरंच फार मोठं आहे. ऑर्व्हल ते ऐकताना मान तिरपी करतात.

निघताना तिने वही परत दिली. सगळं उतरवून घेतलंय म्हणाली. आणखी काही म्हणाली नाही, मीही विचारलं नाही.

घरी येऊन उघडली. तिच्या नावासमोरची माझी ओळ तशीच आहे. तिच्याखाली पेन्सिलीने, बारीक: 'तिसरा येतोय.'

मग पहिलं पान उलटलं. तिथे सगळ्यांत वर माझं नाव आणि नंबर. पुढचा समास अकरा वर्षं कोरा होता. स्वतःबद्दल कोण लिहितं? आता तिथे एक ओळ आहे.

'लोरेटा: आपण होऊन सांगत नाही. विचारत राहावं.'

खोडरबर अजून टेबलावरच आहे. ओळ चारदा वाचली. त्यात खोटं काही नाही, म्हणून ठेवते. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, हेही इथे लिहून ठेवते.